एप्रिलचा रिपोर्ट

आर्णी
२० जुलै

श्रीमती उज्ज्वला बादल आडे यांस,

वरची ओळ मी दोनदा लिहिली. पहिल्या कागदावर सवयीनं सौ. लिहिलं गेलं, म्हणून तो कागद फाडला.

सोबतच्या पिशवीत पायलनं सोनूचे तीन फ्रॉक आणि बूट ठेवले आहेत. बादलच्या मृत्यूच्या दाखल्याच्या दोन प्रती आहेत. तुमचं आधार कार्ड कपाटात राहिलं होतं, तेही आहे.

पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. तुमच्या लग्नाला सहा वर्षं होतील. एका घरात राहून आपण एकदाही समोरासमोर बोललो नाही. मी जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. मी अंगणात आलो की तुम्ही पदर ओढून आत जात होता, आणि तुम्ही चुलीपाशी असलात की मी बाहेरूनच खाकरून पायलकडे पाणी मागत होतो. आपल्या तांड्यात असंच चालत आलं आहे, त्यात कुणाचा अपमान नाही. पण आता फोन केला तर तुमचे वडील उचलतात आणि माझं नाव ऐकून ठेवून देतात. मोबाईलवर लिहावं तर तुमचा मोबाईल दिवसभर सोनूच्या नाहीतर तुमच्या भावाच्या हातात असतो. म्हणून हे पत्र. आपली बोली मला लिहिता येत नाही, आईला याडी म्हणतो तेवढीच कागदावर येते. आश्रमशाळेत मराठीच लिहिली, तीच लिहितो.

तेराव्याला याडी सगळ्या बायकांसमोर तुम्हाला म्हणाली की तुझ्या बापाच्या विहिरीनं माझा पोरगा खाल्ला. मी तिथंच बसलो होतो. तुम्ही सोनूला उचललं आणि त्याच दुपारी माहेरी गेलात. त्याबद्दल मला लिहायचं आहे, पण आज नाही.

आज एवढंच. सातवा महिना लागायच्या आत रक्ताच्या सगळ्या तपासण्या पुन्हा करून घ्या. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात करा. बाळंतपण तांड्यावर करू नका. विशेष काही नाही, काळजी म्हणून लिहिलं.

आपला,
जीवन हरिसिंग आडे


३ ऑगस्ट

श्रीमती उज्ज्वला आडे यांस,

तुम्ही पायलला फोन केला तेव्हा फोन स्पीकरवर होता आणि मी पलीकडच्या खोलीत होतो. "रक्त कायले पुन्हा काढायचं वो जाऊबाई? एप्रिलमध्ये त्याहिच्याच लॅबमध्ये तं झालं. का लॅबले गिऱ्हाईक नाही भेटून राह्यले?" असं तुम्ही म्हणालात. पायल हसली. बादल गेल्यापासून या घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. पण आधी दुसरं लिहितो.

मे महिन्यात तुमच्या भावाच्या लग्नात विहीर तळाला गेली होती आणि पाणी टँकरनं भरलं होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या तांड्यात कावीळ निघाली. मला माहीत आहेत ते नऊ जण. तुमचा भाऊ, नवी नवरी, बँडवाला, बाकीचे पाहुणे. तुमच्या भावाचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं होतं. बिलिरुबिन आठ. मग पाच, तीन, आणि शेवटी एक. पाण्यातून येणारी कावीळ अशीच असते, चढते आणि उतरते. नऊच्या नऊ जण आज कामाला जातात.

बादलचं चढलं, उतरलं नाही. पहिल्या दिवशी अकरा, तिसऱ्या दिवशी एकोणीस, सहाव्या दिवशी सव्वीस. लोक त्या आकड्याला घाबरतात, कारण डोळे पिवळे दिसतात. आम्ही लॅबवाले दुसऱ्या एका आकड्याला घाबरतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यावरून कळतं. धडधाकट माणसाचा तो एकच्या आसपास असतो. बादलचा भरती केलं त्याच दिवशी दोन पूर्णांक तीन होता. तुम्ही त्या वेळी उसाचा रस मागवत होता. मला तेव्हाच कळलं होतं की उसाचा रस आणून काही होणार नाही.

प्लेटलेट बासष्ट हजार निघाल्या तेव्हा दवाखान्यातले नवीन डॉक्टर म्हणाले, डेंग्यूही दिसतो. डेंग्यू नव्हता. त्याच्या प्लेटलेट आधीपासूनच कमी होत्या.

पाणी सगळ्यांचं तेच, विषाणू तोच. नऊ जण उठले आणि एक गेला. याडी म्हणते ते खरं नाही एवढं मी तुम्हाला लिहून देतो. खरं काय ते पुढच्या पत्रात लिहीन.

मोठ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "याला आधीचा काही लिव्हरचा आजार?" मी उत्तर दिलं. तुम्ही तिथंच होता, याडीच्या मागं.

तपासणी करून घ्या.

जीवन आडे


१५ ऑगस्ट

श्रीमती उज्ज्वला आडे यांस,

आज सुट्टी आहे. लॅबचं शटर अर्धं खाली ओढून आत बसलो आहे. घरी लिहिता येत नाही. याडी विचारते, "कायचा अर्ज लिहून राह्यला रे?"

प्लेटलेट आधीपासून कमी होत्या हे मला कसं माहीत, असं तुम्ही म्हणाल.

तुमच्या लग्नाच्या दोन महिने आधी लॅबमध्ये कावीळ ब तपासायच्या पट्ट्यांची नवी पेटी आली. नवी पेटी उघडली की आम्ही ती आधी आपल्याच माणसाच्या रक्तावर लावून पाहतो, पट्टी नीट चालते की नाही म्हणून. मी माझं रक्त लावलं, एक रेघ आली. बादल गॅरेजवरून डबा घ्यायला आला होता. म्हटलं, हात दे. "घे बापा," तो म्हणाला, "तुले रक्त प्यायची सवयच लागली." त्याच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मला वाटलं पेटीच खराब आहे. दुसरी पट्टी लावली, मग तिसरी. तिन्हीवर दोन रेघा.

ही कावीळ पाण्याची नाही. ती रक्तातून जाते, आईकडून बाळाला जाते, नवराबायकोत जाते. लहानपणी लागली तर वीस-तीस वर्षं काही न दाखवता लिव्हर खराब करत राहते. आम्ही लहान असताना एक जण सायकलवर तांड्यात येऊन एकाच सुईनं सगळ्यांना इंजेक्शन द्यायचा. बादलला तिथंच लागलं असावं. मला कसं लागलं नाही, ते माहीत नाही.

बादल म्हणाला, "भिया, आता बोलशीन त लग्न मोडते. उत्तमसिंगची पोरगी बारावी शिकलेली हाय, थे कागद वाचते." आणि माझ्या पायावर हात ठेवला. मी वचन दिलं.

त्यानंतर दर सहा महिन्यांनी, रविवारी लॅब बंद झाल्यावर मी त्याचं रक्त काढत होतो. नळीवर त्याचं नाव लिहीत नव्हतो. "ज-२" लिहीत होतो, म्हणजे माझाच दुसरा नमुना. प्लेटलेट एक लाख नव्वद हजार होत्या. मग एक साठ, एक तीस, एक दहा. या जानेवारीत अठ्ठ्याण्णव हजार. लिव्हर बनवतं ते अल्ब्युमिनही उतरत होतं. मी डॉक्टर नाही, पण अकरा वर्षं आकडे टाइप करतो. असे आकडे एकाच दिशेनं जाऊ लागले की त्याचा अर्थ काय ते मला कळतं.

मी त्याला एकदा यवतमाळला नेलं. रोज एक गोळी, फुकट मिळते, आयुष्यभर घ्यायची. तो गॅरेजमध्ये स्पार्क प्लगच्या डब्यात ठेवायचा. एका दुपारी तुम्ही डबा घेऊन गेलात आणि कायची गोळी म्हणून विचारलंत. त्यानं ॲसिडिटीची सांगितली. तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री त्यानं सगळ्या गोळ्या नाल्यात टाकल्या आणि नंतर पुन्हा आणल्या नाहीत.

आता डॉक्टरांचा प्रश्न. लिव्हरचा काही आजार? मी "नाही" म्हणालो.

तुम्ही तीन हातांवर उभ्या होता. नवराबायकोतून जाणाऱ्या आजाराचं नाव जेठाच्या तोंडून तुमच्यासमोर निघेना. वाटलं, तुम्ही बाहेर गेलात की डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगू. तुम्ही त्याच्या उशापासून हललाच नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी जिन्यात डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "काल सांगितलं असतं तर काल गोळी सुरू केली असती." मी विचारलं, वाचला असता का? ते म्हणाले, "आता ते विचारू नका."

म्हणून तुमचं रक्त. सोनूचं नंतर, तिला लहानपणी लसीच्या सुया दिल्या आहेत. आधी तुमचं.

जीवन


२८ ऑगस्ट

उज्ज्वला यांस,

काल पायलनं तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला. "मी वाचलं. सोनूच्या वेळी मी निगेटिव्ह होती. एप्रिलचा कागदही माह्याजवळ हाय, त्याहिच्याच सहीचा. आता मले पत्र पाठवू नका म्हणा." मग पायलनं मला विचारलं, "काय वाचलं वो तिनं? काय लिहून राह्यले तुम्ही तिले?" मी जेवण टाकून उठलो.

पत्र पाठवू नका म्हणालात, तरी हे एक वाचा. नंतर जाळून टाका.

एप्रिलचा कागद काढा. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, असं करत खाली या. सातव्या ओळीवर एचबीएसएजी लिहिलं आहे, म्हणजे कावीळ बची तपासणी. त्याच्यासमोर "किट उपलब्ध नाही" असं टाइप केलं आहे.

किट होती.

सोनूच्या वेळचा निगेटिव्ह खरा होता. तो मीच लावला होता आणि त्या दिवशी देवाला नारळ फोडला. तेव्हाच तुम्हाला सुया द्यायला हव्या होत्या. तीन सुया घेतल्या असत्या तर पुढं काहीच झालं नसतं. पण सुई कशाची हे तुम्ही विचारलं असतं, म्हणून दिली नाही. निगेटिव्ह आहे, पाहू पुढं, असं म्हणत राहिलो. एप्रिलमध्ये तुमची नळी आली तेव्हा हात धुऊन पट्टी लावली. दहा मिनिटांनी एक रेघ होती. बाराव्या मिनिटाला दुसरी आली, फिकट. फिकट असली तरी ती रेघच असते, हे मी शिकाऊ मुलींना रोज सांगतो.

बादल समोरच्या स्टुलावर बसला होता. त्याला कळलं. तो म्हणाला, "तिच्या कागदावर हे आलं त याडी म्हणीन तिनंच आणलं." हे खरं होतं. तांड्यात सगळ्यांनी तेच म्हटलं असतं. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून मी तसं लिहिलं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतो आहे. पण बादलचं नाव आणि माझी नोकरी वाचत होती, हेही तेवढंच खरं आहे. आम्ही ठरवलं होतं की जूनमध्ये दोघांना यवतमाळला न्यायचं. जूनमध्ये काय झालं ते तुम्ही पाहिलंत.

आता घाई आहे. एप्रिलला लागलेलं असेल तर तुमच्या शरीरानं ते आतापर्यंत काढूनही टाकलं असेल, मोठ्या माणसांत बहुतेकदा निघून जातं. पण ते तपासल्याशिवाय कळत नाही. रक्तात विषाणू जास्त असतील तर सातव्या महिन्यापासून तुम्हाला गोळी घ्यावी लागेल. आणि बाळाला जन्मल्याबरोबर दोन सुया लागतील. एक लसीची, एक तयार प्रतिकारशक्तीची. बारा तासांच्या आत दिल्या तर उत्तम. बाळ तांड्यावर झालं तर त्या मिळणार नाहीत. ज्या बाळाला आईकडून हे लागतं, त्याचं पुढं बादलसारखं होऊ शकतं. तिशी-पस्तिशीत कुठल्याशा लग्नातलं पाणी पिऊन.

माझ्यावरचा राग ठेवा. तपासणी करा.

जीवन


१० सप्टेंबर

उज्ज्वला यांस,

मागचं पत्र स्पीड पोस्टनं पाठवलं होतं. मोबाईलवर "पोहोचले" दाखवतं. पोस्टमनला विचारलं तर म्हणाला, सही उत्तमसिंगनं केली. म्हणजे ते पत्र तुमच्या हातात आहे की वडिलांच्या खिशात, मला कळायला मार्ग नाही. तुम्ही काहीच कळवलं नाही. तेरा दिवस झाले.

लॅबच्या डॉक्टरांना मी एप्रिलचं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "रिपोर्ट बदलून दिला तर लॅबले टाळं लागते, जीवन. पाच जणांचं घर हाय यावर. थे पोरगी कुठंतरी तपासून घेईन. तू चूप राहाय." परवापासून मला फक्त रक्त काढायला बसवलं आहे. कॉम्प्युटरला हात लावू देत नाहीत.

आणि पायलला सगळं सांगितलं. मग तिनं आपला दंड चोळला आणि म्हणाली, "सहा वर्सांआधी मले अन् पोराले तीन-तीन सुया देल्या होत्या तुम्ही. म्हणाले, लॅबवाल्याच्या घरच्याले घ्याव्याच लागतेत." मी हो म्हणालो. "मले देली. तिले काहून नाही देली?"

हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. बादलच्या दोन रेघा पाहिल्यावर मी माझ्या घरच्यांना सुया दिल्या. त्याच घरात तुम्ही त्याच्याशी संसार करत होता आणि तुम्हाला दिल्या नाहीत. पायल तेव्हापासून माझ्या ताटात वाढते, पण माझ्याजवळ बसत नाही.

रविवारी मी येतो. हे पत्र तुमच्या वडिलांच्या पत्त्यावर पाठवत नाही, सोबत घेऊन येतो. मी येणार हे पायल तुम्हाला फोनवर सांगेल.

जीवन


१५ सप्टेंबर

उज्ज्वला यांस,

काल तुम्ही दाराआड होता, म्हणून आधी बाहेर काय झालं ते लिहितो.

तुमच्या वडिलांनी ओसरीवर बसाही म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. "या जी, लॅबवाले साहेब. काय रक्त घ्याले आले? आमच्यात आता उरलं नाही." शेजारच्या दोन बायका भिंतीला टेकून ऐकत होत्या. तुमच्या आईनं, मानीबाईंनी, पाणी दिलं. मी तुमच्याशी कसा बोलणार? त्यांनाच म्हणालो, "तिला सांगा, एप्रिलच्या तपासणीत तिच्या रक्तात कावीळ ब निघाली होती. मी ते लपवलं. तिनं लगेच यवतमाळला जायला पाहिजे."

मानीबाईंनी एकदा त्या बायकांकडे पाहिलं. मग दाराकडे तोंड करून तुम्हाला म्हणाल्या, "बाई, थे म्हणतेत का रक्त जरासं कमी हाय. गोळ्या खाजो."

मी त्यांना दोष देत नाही. आई आहेत, चार लोकांसमोर मुलीचं झाकलं. जूनमध्ये दवाखान्यात मीही तेच केलं होतं. पण तेव्हा मला दिसलं की असा निरोप कुणाच्याही तोंडून गेला तरी तुमच्यापर्यंत अर्धाच पोहोचणार.

म्हणून मी उठून दारासमोर आलो आणि तुमचं नाव घेतलं. बायकांनी तोंडावर हात ठेवला. तुमचे वडील ओरडले, "जेठ हायेस का कोन हायेस बे तू?" आणि आतून तुमचा आवाज आला, "बोलू द्या, बापू. अन् मोठ्यानं बोला म्हणा. माही याडी अर्धंच सांगते."

पुढचं सगळं तुम्ही ऐकलं. चौथं पत्र वडिलांच्या ट्रंकेत निघालं तेही तुमच्यासमोरच. तुम्ही दाराबाहेर येऊन उभ्या राहिलात, पदर होता, पण तोंड माझ्याकडे होतं. सहा वर्षांत तुमचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला होता. तुम्ही विचारलंत, "ते आमच्या पाण्यानं मेले का?" त्याचं उत्तर आता लिहितो. आजारी तो पाण्यानं पडला. लग्नातले नऊ जणही पडले. मेला तो लिव्हर आधीच गेलं होतं म्हणून, आणि ते माहीत असलेला माणूस एक दिवस आणि एक रात्र बोलला नाही म्हणून.

"हे तुमच्या याडीसमोर बोलान का?" असं विचारलंत तेव्हा मी चपला शोधू लागलो. तुम्ही म्हणालात, "लेकराचं मी पाहीन. तुम्ही तुमच्या घरचं पाहा."

आज पायलला तुमचा फोन आला की तुम्ही वडिलांसोबत यवतमाळच्या बसमध्ये आहात. कुठल्या खिडकीवर जायचं, काय मागायचं, ते एका कागदावर लिहून त्याचा फोटो पायलच्या मोबाईलवरून पाठवला आहे. एप्रिलच्या तुमच्या तपासणीत दोन रेघा होत्या असं त्यावर माझ्या सहीनं लिहिलं आहे. लॅबचा शिक्का नाही. तो माझ्या हातात नाही.

जीवन


२४ ऑक्टोबर

उज्ज्वला यांस,

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि गोळी सुरू झाली हे पायलकडून कळलं. उशीर झाला, पण चालेल, असं डॉक्टर म्हणाले तेही कळलं. ती गोळी बादलनं नाल्यात टाकली होती तीच आहे. एकही दिवस चुकवू नका.

घरचं लिहितो.

मी सव्वा महिना बोललो नाही. रोज ठरवत होतो. सकाळी याडी भाकरी करायची तेव्हा जायचो, आणि मीठ मागून परत यायचो.

दिवाळीला आपण गेलेल्यांच्या नावानं विस्तवावर घास टाकतो, तसा परवा टाकला. घरचे सगळे, काका, तांड्याचे प्रमुख म्हणून नायक, शेजारी. बादलच्या नावाचा पहिलाच घास होता. याडीनं तूप सोडलं आणि म्हणाली, "ज्याहिच्या विहिरीनं माह्या लेकराले नेलं, त्याहिच्या घरी दिवा नोको लागू." तुमच्या पोटातलं लेकरूही त्याच घरात आहे, हे तिच्या लक्षात नव्हतं. मी म्हणालो, "याडी, विहिरीनं नाही."

मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्टी, वचन, ज-२, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. तुमचं रक्त मी सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क तुमचा आहे. माझ्या बापूंनी, वडिलांनी, घास खाली ठेवला आणि हात धुवायला गेले ते परत आले नाहीत. नायक म्हणाले, "सणाच्या दिवशी कायले उकरून काढतं बापा?" याडी विस्तवाकडेच पाहत होती. तशीच म्हणाली, "मी तिले तेराव्याले काय काय बोलली. तिच्या बापाले बोलली. रोज बोलत होती." मग माझ्याकडे पाहिलं. "अन् तू बसून आयकत होता."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. तिचा निरोप पायलकडून येतो. पाणी ठेवलं आहे, गाय सोडली आहे, एवढाच. मी त्याच घरात आहे, जायला दुसरी जागा नाही. लॅबमध्येही तसंच. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधतो, रक्त काढतो, आणि नळ्या खिडकीतून आत देतो. काय निघालं ते मला कुणी सांगत नाही.

तुम्ही सांगितलं होतं म्हणून केलं असं नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय झालं नसतं, हेही खरं.

जीवन


१९ नोव्हेंबर

उज्ज्वला यांस,

पायल काल यवतमाळहून आली. तिथं काय झालं ते तिनं ओसरीवर सगळ्यांसमोर सांगितलं. याडी तूर निवडत होती, तिचा हात थांबला होता.

पायल म्हणाली की लेबर रूमच्या दारात कळा देता देता तुम्ही नर्सबाईंना तीनदा सांगितलं, मी कावीळ ब पॉझिटिव्ह आहे, बाळाला दोन सुया लागतील. बाकावरच्या बायका वळून पाहायला लागल्या. नर्सबाई म्हणाल्या, "हो बाई, हो. लिहिलेलं आहे तुझ्या कागदावर." आणि तुम्ही म्हणालात, "कागदावर काय लिहितेत थे मले माहीत हाय. सुया आणून दाखवा." त्यांनी फ्रिजमधून आणून दाखवल्या, मगच तुम्ही आत गेलात.

मुलगी, दोन किलो सातशे. दोन्ही मांड्यांत एकेक सुई, जन्मापासून पन्नास मिनिटांत. पायलनं घड्याळ पाहिलं होतं.

याडीनं एवढंच विचारलं, "नाक कोनाचं हाय?" पायल म्हणाली, "अजून समजत नाही, याडी." मग याडी उठून आत गेली. तिनं यावं की नाही हे तुम्हाला विचारायला पायल फोन करेल. नाही म्हणालात तर ती समजून घेईल. मी येणार नाही.

दीड महिन्याची, अडीच महिन्यांची आणि साडेतीन महिन्यांची लस चुकवू नका. सुया वेळेवर लागल्या म्हणजे बहुतेक बाळं वाचतात. बहुतेक म्हणजे सगळी नाही, हे मी लपवत नाही. नक्की कळायला तिचं रक्त नऊ महिन्यांनंतर तपासतात. पुढचा ऑगस्ट. तोवर मला, तुम्हाला, कुणालाच काही करता येणार नाही.

यवतमाळच्या त्या लॅबमध्ये माझ्याबरोबर शिकलेले दोघं आहेत. ऑगस्टमध्ये एक फोन केला तर तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्या उतरायच्या आधी मला निकाल कळेल. तो फोन मी करणार नाही. तिचा कागद आधी तुम्ही वाचा, सगळ्या ओळी वाचा. मग मला कळवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

जीवन